आमसुलाचं पाणी

ओंगार, डब्लिन
२२ एप्रिल २०२०

बाळू,

वर ‘चिरंजीव’ लिहायचं की नाही, यात दोन कागद गेले. शेवटी नुसतं तुझं नाव लिहिलं. अठ्ठावीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला नाही. पत्ता सुलेखाकडून मिळाला. आपली ही मावसबहीण अजून सगळ्यांचे पत्ते एका वहीत ठेवते. तिने फोनवर सांगितलं की तू चिपळूणला रोपवाटिका चालवतोस, तुझे गुडघे दुखतात, आणि माझं नाव निघालं की तू उठून रोपांना पाणी घालायला जातोस.

हे पत्र तुला इतक्यात मिळणार नाही. पोस्टातली मुलगी काचेमागून म्हणाली, भारताचं टपाल सध्या थांबलं आहे. मग म्हटलं, लिहून ठेवावं. पाठवायचं नसलेलं पत्र लिहायला सोपं जातं.

मी इथे दोन वर्षांपूर्वी आले, स्वरांगीकडे. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि तिचे पुढचे दोन दात पडले होते. आता ती इथल्या हॉस्पिटलात तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. सध्या तिच्या नाकावर आणि गालांवर मास्कचे वळ असतात. जावई चैतन्य लिक्सलिपला चिपच्या कारखान्यात जातो, तो बंद झालेला नाही. नात क्षितिजा नऊ वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचं उत्तम चालतं. घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा नियम आहे. मला तेवढं जग पुरतं.

सिस्टर ब्रिजिड आठवतात? आईचं बोट धरून मला शाळेत सोडायला यायचास तेव्हा त्या तुला पेपरमिंटच्या गोळ्या द्यायच्या. त्या याच देशातल्या. वर्गात सांगायच्या, आमच्याकडे एकही साप नाही, एका संताने सगळे समुद्रात हाकलून दिले. स्वरांगीने ‘आई, चल’ म्हटल्यावर मी एवढ्या लांब यायला लगेच तयार झाले, ते खरं तर त्या एका गोष्टीमुळे. हसू नकोस.

तब्येत बरी आहे. थंडीमुळे इथे अंगावर पित्त उठत नाही. पथ्य मात्र पाळते. स्वरांगी घरात वांगं आणत नाही, इथल्या दवाखान्यातल्या माझ्या कागदावरही तिने ते लिहून ठेवलं आहे.

एक सांगायचं राहिलं. परवा सकाळी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. लाकडी कुंपणापलीकडून आवाज आला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा, पण न थांबणारा. माझ्या हातातला क्षितिजाचा फ्रॉक चिखलात पडला. फुरसं अंगावर अंग घासतं तेव्हाच तसा आवाज येतो. हे मी तुला सांगायला नको.

शोभना


१४ जून २०२०

बाळू,

तो भास नव्हता. शेजारच्या फिंटनकडे फुरसं आहे. तो पन्नाशीचा, एकटा राहणारा माणूस. शाळेची बस चालवतो आणि शाळा बंद असल्यामुळे मार्चपासून घरीच आहे. त्याच्या अंगणात एक लाकडी शेड आहे. आम्ही समजत होतो, सायकली असतील. मी एक दिवस कुंपणावरून सरळ विचारलं, तुझ्याकडे वाळवंटातला तो लहान विषारी साप आहे ना? त्याच्या हातातला चहाचा मग तिरका झाला. मग मला सांगावं लागलं, की माझ्या नवऱ्याने अकरा वर्षं त्याच सापांचं विष काढलं, लस करण्यासाठी.

तेव्हापासून मी त्याच्या लेखी राणीसाहेब आहे. त्याच्याकडे चौदा साप आहेत, त्यातले तीन विषारी. इथे पाळायला बंदी नाही म्हणे, पण घरमालकाला ठाऊक नाही, आणि कळलं तर फिंटनला साप तरी सोडावे लागतील नाहीतर घर तरी. क्षितिजा त्याला ‘युअर मॅन विथ द शेड’ म्हणते (इथे कुठल्याही ‘त्या माणसाला’ युअर मॅन म्हणतात) आणि मी इतका वेळ कुंपणापाशी काय बोलते म्हणून मला चिडवते.

त्याने शेड दाखवली. मी दारातच उभी राहिले. प्रत्येक पेटीला कुलूप, प्रत्येकीवर नाव, भिंतीला चिमटे टांगलेले, दारावर एक कार्ड: साप चावल्यास काय करावं. सगळं तुझ्या दाजींसारखं टापटीप. वासही तोच बाळू, भुसा, उंदीर आणि मागे काहीतरी गोडसर. तो वास माझ्या केसांना लागला असं मला दोन दिवस वाटत राहिलं. दोनदा न्हायले.

बोलता बोलता तो शिंकत होता. डोळे लाल. त्याने बाह्या वर केल्या तर मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठलेल्या. म्हणाला, गवताची ॲलर्जी, दर उन्हाळ्यात होते, मी ग्रँड आहे, म्हणजे इथल्या भाषेत ठीक. मी घरात आले, चार आमसुलं कोमट पाण्यात कुसकरली आणि वाडगा कुंपणावरून दिला. हे चोळ, म्हटलं. त्याने आधी वास घेतला, मग बिचाऱ्याने चोळलं. लालसर पाणी त्याच्या हातावरून ओघळताना मी बघत राहिले. थंड वाटतं, म्हणाला. आणि मग म्हणाला, यातलं काही तुझ्या डॉक्टर मुलीला सांगू नकोस हं.

नाही सांगणार, म्हटलं मी. किती सहज म्हटलं.

गवतच असेल. जूनमध्ये इथे सगळेच शिंकतात. तू असतास तर म्हणाला असतास, ताई, शेडमध्ये गवत उगवत नाही.

शोभना


१९ ऑगस्ट २०२०

बाळू,

आज एकोणतीस वर्षं झाली. इथे फोटो ठेवायला धड जागा नाही. खिडकीत ठेवला आणि पुढे क्षितिजाने लावलेली गुलाबी फुलं ठेवली. तिने विचारलं, आजोबा कशाने गेले? स्वरांगीने माझ्याआधी उत्तर दिलं. साप चावला, आणि मग चुकीच्या पद्धतीने औषध दिलं गेलं. तिने तुझं नाव घेतलं नाही. ती कधीच घेत नाही.

मी आज सगळं ओळीने लिहिणार आहे. तुला नवीन काही नाही त्यात. पण मी ते कधी लिहिलेलं नाही.

सोमवार होता. साडेदहाला लस करणाऱ्या संस्थेतला रवींद्र शिपाई पळत क्वार्टर्सवर आला. मी तशीच ओल्या हातांनी धावले. हे सर्पगृहाच्या सिमेंटच्या जमिनीवर पडले होते. पेटी बंद होती, कुलूपसुद्धा लावलेलं. चावल्यावर आधी पेटी बंद करायची, मग स्वतःकडे बघायचं, ही त्यांचीच शिस्त. अंगठ्यावर दोन ठिपके. ओठ सुजून निळे झालेले. त्यांच्याच हाताखाली काम करणारा तू गुडघ्यावर बसला होतास, हातात रिकामी सिरिंज, आणि ‘दाजी, दाजी’ एवढंच म्हणत होतास. लस करणाऱ्या माणसाच्या दंडात त्याच्याच संस्थेची लस गेली होती. तिचा उपयोग झाला नव्हता.

मग चौकशी. लांब टेबल, पलीकडे तीन साहेब. तू म्हणालास, फुरशाचं विष माणसाला पाच मिनिटांत पाडत नाही, एक-दोन दिवस घेतं. म्हणालास, श्वास लसीच्या आधीच अडकला होता, दाजींना सर्पगृहातल्या हवेचाच काहीतरी त्रास होता असा माझा संशय आहे. साहेब म्हणाले, लस घोड्याच्या रक्तापासून होते, काहींना ती सोसत नाही, म्हणून आधी थेंबभर देऊन अर्धा तास वाट बघायची असते. तू वाट न बघता सगळी दिलीस. माणूस त्याने गेला.

मग मधले साहेब माझ्याकडे वळले. मी कॉन्व्हेंटची म्हणून मुद्दाम इंग्रजीत, हळू आवाजात त्यांनी विचारलं, “यांना याआधी असा त्रास कधी झाला होता का?”

मी ‘नो सर’ म्हणाले.

तेवढ्यावर चौकशी संपली. तुझी नोकरी गेली. तेराव्याला तू आलास आणि दारातूनच परत गेलास. आई जाईपर्यंत तुझ्या नावाने रडत होती आणि मी तिला सांगत होते, त्याचं नाव काढू नकोस.

आज एवढंच. क्षितिजा फुलांना पाणी घालायला बोलावते आहे.

शोभना


१६ नोव्हेंबर २०२०, भाऊबीज

बाळू,

सकाळी आंघोळ करून ताट तयार केलं. निरांजन, सुपारी, करंजी. ओवाळायला कुणी नव्हतं. दरवर्षी मी चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. आज ताट तसंच ठेवून लिहायला बसले.

पित्त माझं नव्हतं.

पेन खाली ठेवून स्वयंपाकघरात जाऊन आले. आता लिहिते.

यांना सुरू झालं ते जाण्याआधी दोन वर्षं. विष वाळवून त्याच्या भुकटीचं वजन करताना ती थोडी हवेत उडायची. वर्षानुवर्षं ती नाकातोंडात गेली की काहींचं शरीर तिला शत्रू मानायला लागतं. हे मी आता स्वरांगीची पुस्तकं वाचून शिकले. तेव्हा दिसायचं एवढंच, की घरी येऊन एप्रन काढला की यांच्या हातावर, मानेवर गांधी उठायच्या. मी आमसुलाचं पाणी चोळायची. पुढे धाप लागायला लागली. एप्रन भिजवायचा तर मी तो काठीने उचलून बादलीत टाकायची आणि हे बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहायचे, रस्त्याकडे बघत, जणू कुणाची वाट बघताहेत.

मी म्हटलं, संस्थेच्या डॉक्टरांना सांगू. तर म्हणाले, “कळलं तर मला घोड्यांच्या तबेल्यावर टाकतील नाहीतर ऑफिसात. सापांशिवाय मी काय करू, शोभना? सगळ्यांना सांग, पित्त तुला आहे.”

तसं सांगितलं. आमसुलं माझी झाली, अविलच्या गोळ्या माझ्या झाल्या. वांग्याने उठतं, असंही मीच जोडलं, खोट्याला काहीतरी कारण लागतं म्हणून. आणि हे गेल्यावर मला ते सोडता येईना. एकदा जरी वांगं खाल्लं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग गोळ्या कुणाच्या? म्हणून लग्नाच्या पंगतीत, डोहाळजेवणात, इथे या परक्या देशातल्या घरातसुद्धा, शोभनाला वांगं वाढू नका. भरलं वांगं मला किती आवडायचं ते तुला माहीत आहे. आईच्या हातचं शेवटचं वांगं आपण दोघं भांडून वाटून घ्यायचो.

गोळ्यांच्या पट्ट्या संस्थेच्या दवाखान्यातून नको, म्हणून मी तुलाच गावातून आणायला सांगायची. तू आणून द्यायचास. आणि त्या ऑगस्टच्या दोन आठवडे आधी, मी चटणी वाटत होते, तू पाट्याशी येऊन बसलास आणि विचारलंस, “ताई, खरं सांग. दाजींना धाप लागते का?” मी म्हटलं, त्यांना काय धाड भरलीय, पित्त मला आहे. तू हसलास. मग बराच वेळ माझ्या हातांकडे बघत बसलास. माझे हात गोरेपान, साफ होते.

चौकशीच्या टेबलापाशी तू एवढंच म्हणाला असतास तरी पुरलं असतं, गोळ्या मी आणत होतो, कुणासाठी ते ताईला विचारा. मी ‘नो सर’ म्हणाले तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, मग खाली बघितलंस, आणि बोलला नाहीस. विधवा बहिणीला तू तीन साहेबांसमोर खोटं पाडलं नाहीस. याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता. मी तो इतकी वर्षं स्वतःशी उच्चारला नाही.

का ‘नो’ म्हणाले, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. दर वर्षी तब्येत ठीक असल्याचा कागद हे सही करून देत, त्यांचं नाव खराब झालं असतं, म्हणून. खरं तसं नाही. ‘हो’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही सांगितलं का नाही? ॲलर्जीवरच्या ॲड्रेनलिनची बाटली लसीच्याच कपाटात होती, बाळू. तुला माहीत असतं तर तू ती आधी दिली असतीस.

फिंटनला ऑक्टोबरपासून धाप लागते. शेडमध्ये गेला की पंधरा मिनिटांत. मी त्याला म्हटलं, हे गवत नाही. त्यालाही ते ठाऊक होतं. मी म्हटलं, डॉक्टरकडून ॲड्रेनलिनचं पेन, ते मांडीत टोचायचं तयार इंजेक्शन, आणलंस तरच मी गप्प राहीन. त्याने आणलं. डॉक्टरला त्याने सांगितलं, गांधीलमाशीची ॲलर्जी आहे. येऊन मला ते अभिमानाने सांगितलं, आणि मी त्याला शाबासकी दिली.

म्हणजे बघ. तिथे वांगं, इथे गांधीलमाशी.

शोभना


२७ जानेवारी २०२१

बाळू,

बारा तारखेला सकाळी अकराच्या सुमारास मी पक्ष्यांना दाणे घालायला मागे गेले होते. पुन्हा सगळं बंद आहे, कुणी कुणाच्या घरी जायचं नाही. कुंपणापलीकडून फिंटनने माझं नाव घेतलं. ओरडला नाही. नुसतं नाव. त्याचा आवाज बसलेला होता. आदल्या दिवशी बरा होता.

मी पुढच्या दाराने वळसा घालून गेले, मास्क न लावता, पायात घरातल्या सपाता. दार नुसतं लोटलेलं होतं. तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर फ्रीजला टेकून बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या हाताने धरलेली. डबा बंद केलाय, हे पहिलं वाक्य. शेडला कुलूप लावलंय, हे दुसरं. मग त्याने दारावरचं कार्ड काढून आणलं होतं ते माझ्यापुढे धरलं. कापू नका, चोखू नका, हात हलवू नका, फोन करा, लस मागा. ॲलर्जीबद्दल त्यावर एक अक्षर नव्हतं. आपल्या सर्पगृहातल्या तक्त्यावरही नव्हतं.

ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावला. पलीकडच्या बाईचा आवाज ऐकून मी वर्गातल्यासारखी ताठ उभी राहिले. शब्द उचलायची तीच लकब, तोच हळुवारपणा. सिस्टर ब्रिजिडच जणू. साप, असं मी तिला तीनदा सांगितलं तेव्हा तिला पटलं. मग तिने विचारलं, “त्याला याआधी असा त्रास कधी झाला होता का?”

तेच इंग्रजी वाक्य, बाळू. शब्दाला शब्द.

फिंटनने माझ्याकडे बघून मान हलवली. नको. कार्डावर बोट ठेवलं, लस, लस. आणि माझ्या तोंडून ‘नो’ निघालं. मी ते म्हणायचं ठरवलं नव्हतं. ते तिथेच बसलेलं होतं, एकोणतीस वर्षं.

मग मी त्याच्या हाताकडे पाहिलं. स्वेटरची बाही वर सरकली होती. कोपरापर्यंत गांधी, मान लाल, ओठाची एक बाजू सुजायला लागलेली. चावून पाच मिनिटंही झाली नव्हती. फुरशाचं विष पाच मिनिटांत असं करत नाही. हे तू सांगितलं होतंस. सगळ्यांसमोर, टेबलावर हात ठेवून.

“यस,” मी म्हणाले. “यस, सिस्टर.” मग सगळं सांगितलं. त्याला सापांचीच ॲलर्जी आहे, उन्हाळ्यापासून गांधी उठतात, आता धाप लागते, गांधीलमाशीचं खोटं आहे, पेन आहे. ती शांतपणे म्हणाली, पेन कुठे आहे? चहाच्या डब्यामागे, प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. ती सांगत गेली आणि मी पँटवरूनच त्याच्या मांडीत टोचलं. दहापर्यंत मोजायचं होतं. मी मराठीत मोजलं. आठला तो रडायला लागला.

दुसरं पेन ॲम्ब्युलन्स आल्यावर त्यांनी दिलं. तो जिवंत आहे. लस दुसऱ्या गावाहून गार्डांच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, गाडीतून आली, आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या कागदावर माझं वाक्य होतं म्हणून डॉक्टरांनी सगळी तयारी करून ती थेंबथेंब दिली. त्या डॉक्टरांत एक स्वरांगी होती. एका बोटाचं टोक काळं पडलंय, ते बहुधा जाईल. साप दुसरीकडे नेले. घराचं काय ते अजून ठरायचंय, पण भेटायला आलेल्या बहिणीला त्याने सांगितलं, शेजारच्या शोभनाने मला मोजून परत आणलं.

सगळे माझं कौतुक करतात. चैतन्यने केक आणला. क्षितिजाने ऑनलाइन वर्गात सांगितलं, माय आजी इज अ लेजंड.

दुसऱ्या दिवशी स्वरांगीने विचारलं, आई, सापाची ॲलर्जी तुला कशी ओळखू आली? आमच्यातल्या निम्म्यांना आली नसती. मी म्हटलं, शेजारी आहे, रोज दिसतो, कळतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी भांडी घासायला घेतली.

एक शब्द लागला फक्त. एवढासा. मी रोज सकाळी उठून तो मनात म्हणून बघते, आणि रोज त्याला तेवढाच वेळ लागतो. तेवढाच वेळ तेव्हाही लागला असता.

शोभना


२१ फेब्रुवारी २०२१

बाळू,

बारा दिवसांपूर्वी स्वरांगी बाजारात निघाली होती, ब्लँचर्डस्टाउनला. यादी करत होती. मी म्हटलं, वांगं आण.

ती हसली. म्हणाली, तुला चालत नाही.

“चालतं,” मी म्हटलं.

तिने पेन ठेवलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं, बसले असते तर जमलं नसतं. एप्रन, काठी, ओटा, आमसुलं. तू आणलेल्या गोळ्या. ‘नो सर’. ती डॉक्टरच्या चेहऱ्याने ऐकत होती, पेशंट सांगतो तेव्हा मध्ये बोलायचं नाही तशी. शेवटी तिने दोनच प्रश्न विचारले.

“मामाला माहीत होतं?”

“त्याने मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं.”

“आणि चौकशीत तो काही बोलला नाही?”

“नाही.”

तिने यादीचा कागद दुमडला. मग म्हणाली, “प्रत्येक नव्या ज्युनियरला मी मामाची गोष्ट सांगते, आई. घाईने औषध दिलं की काय होतं, त्याची. नाव न घेता. अकरा वर्षं सांगतेय.” आणि उठून धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली.

त्या दिवशी वांगं आलं नाही. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. औषध घेतलंस का, दार लावलंस का. मी तक्रार केली नाही. माझ्याशी तू एकोणतीस वर्षं बोलला नाहीस. तिला मी बारा दिवसांत काय मागू? क्षितिजाने एकदा विचारलं, आर यू टू फायटिंग? मी म्हटलं, नाही ग. ती म्हणाली, ओके, बट इट्स नॉट ग्रँड.

आज रविवार. स्वरांगी सकाळची ड्यूटी करून आली आणि पिशवीतून एक मोठं, चकचकीत जांभळं वांगं काढून ओट्यावर ठेवलं. तिने ते ओव्हनमध्ये भाजलं. इथे जाळावर भाजता येत नाही, साल तडकली तरी तो वास येत नाही. कांदा, मिरची, कोथिंबीर, दाण्याचं कूट. माझ्या पुढ्यात वाटी आणि अर्धी भाकरी ठेवली. शेजारी, ताटाला लागून, ॲड्रेनलिनचं पेन. मग ती समोर बसली आणि क्षितिजाला म्हणाली, टॅबवर अर्धा तास लाव.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. थोडंसं देऊन अर्धा तास थांबायचं. जे तू केलं नाहीस म्हणून तुझी नोकरी गेली, ते ती माझ्यावर करत होती.

मी खाल्लं. पहिला घास गिळताना थांबले, तिचा हात पेनाकडे गेला. मी मान हलवली, ते नव्हे. चव आईची नव्हती, पण वांग्याची होती. सगळी वाटी संपवली. मग आम्ही तिघी बसून राहिलो. चैतन्य दारात येऊन परत गेला. टॅबवर आकडे उलटे धावत होते. बाहेर फिंटनच्या अंगणात रिकामी शेड उभी होती, दार सताड उघडं टाकून. तरी मला मधूनच तो तव्यावरचा आवाज ऐकू येत होता. आता तिथे काही नाही, हे मला माहीत आहे. तो येतच राहील.

आकडे संपले तेव्हा स्वरांगी उठून माझ्याजवळ आली. माझ्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, हात उलटेसुलटे करून पाहिले, खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा पाहिले. मग ती म्हणाली, “मामाचा फोन नंबर दे.”

माझ्याकडे नंबर नाही. पत्ता आहे. टपाल पुन्हा सुरू झालंय, उद्या ही सगळी पत्रं एका पाकिटात घालून पाठवते. कुठलंही पुन्हा लिहून काढलेलं नाही. सोबत एक वेगळा कागद आहे, इंग्रजीत, माझ्या सहीचा, चौकशीतल्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर लिहिलेला. त्याचं काय करायचं ते तू ठरव. संस्थेला पाठव, भिंतीला लाव, रोपांच्या मातीत पुर. माझं नाव निघालं की पाणी घालायला उठतोस तसाच आताही उठलास, तरी मी काही म्हणणार नाही.

अंगावर काही उठलं नाही, बाळू. कधीच उठत नव्हतं.

ताई